निदान आणि निधान

आमच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. एक सहा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली छोटी पांढरी कार. दुसरी १९९१ सालची डिझेल जीप, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी, म्हणजे लोक जिला फोर-बाय-फोर म्हणतात ती. कागदोपत्री ती दोन वर्षांपासून माझ्या नावावर आहे. पण घरात तिला सगळे 'अज्जांची जीप' म्हणतात. अज्जा म्हणजे माझ्या लेकीचे आजोबा, माझे सासरे. मी त्यांना 'मावा' म्हणतो. आपल्या भागात याचे कुणाला नवल वाटत नाही. पण पुण्याकडचे पाहुणे आले की 'मावा आले', 'मावा झोपले' ऐकून गालातल्या गालात हसतात.

मावांचे गाव बैलहोंगल तालुक्यात. पावसाळ्यात तिथल्या एरे जमिनीत बैल रुततात, तिथे साध्या गाडीची काय कथा! त्या चिखलातून या जीपने बियाणे नेले, खताची पोती नेली, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवले, आणि आमच्या लग्नात वऱ्हाडही ओढले. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी रात्री गाडी चालवू नका एवढेच सांगितले होते. मावांनी दिवसाही चालवणे सोडले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. जीपची एक जुनी वही होती, ती मात्र दिली नाही. ती त्यांच्या कापडी पिशवीतच राहिली. मीही मागितली नाही.

यंदा जीपच्या फेरनोंदणीची पाळी आली आणि घरात चर्चा सुरू झाली. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजारांवर गेली. केवळ वय झाले म्हणून आपल्याकडे खासगी गाडी भंगारात निघत नाही, ती तपासणीत उतरली पाहिजे, हे खरे. पण फी, विमा, टायर, गॅरेज अशी बेरीज मी कागदावर मांडली आणि सौ.समोर ठेवली. तिने कागदाकडे पाहिलेही नाही. "अप्पांना विचारा," एवढेच म्हणाली.

मावांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "विकायची तर विका. पण एकदा असीरगडाला नेऊन आणा."

असीरगड का, हे आम्हाला ठाऊक होते. मावा कुमारव्यासाच्या भारताचे वेडे. गदगच्या या कवीचे महाभारत गायिले जात असताना त्यांनी लहानपणी रात्री जागवल्या आहेत. द्रोणपुत्र अश्वत्थामा अजून जिवंत आहे आणि असीरगडावरच्या शिवमंदिरात पहाटे येऊन फूल वाहून जातो, ही लोककथा त्यांनी कुठेतरी ऐकली होती. माझे कारण वेगळे. मी इतिहास शिकवतो. आपला बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने घेतला आणि बरोबर वर्षभराने, ९ एप्रिल १८१९ रोजी, असीरगड इंग्रजांच्या हाती पडून मराठ्यांचे शेवटचे युद्ध संपले. दरवर्षी मुलांना हे सांगतो. पण गड काही पाहिला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत निघायचे ठरले. बेळगाव ते असीरगड, जाताना आठशेहून जास्त किलोमीटर. मावा, मी, सौ. आणि लेक.

निघण्याआधी जीप गॅरेजला नेली. आमचे मेस्त्री जुने. त्यांनी गाडीखाली सतरंजी टाकून तासभर पाहिले आणि यादी सांगितली: इंजिन ऑईल, डिझेल फिल्टर, फॅनबेल्ट, मागचे ब्रेक शू, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, रेडिएटर साफ करणे, ब्रेक ऑईल बदलणे, आणि पुढच्या चाकांचा जोर लागतो का ते बघणे. मी यादीला कात्री लावली. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी पडले होते, सुट्टी थोडी होती. रेडिएटरला काय झालेय? पाणी तर घालतोच की! ब्रेक लागताहेत, मग ब्रेक ऑईल कशाला? आणि आपण डांबरी रस्त्याने जाणार, तिथे पुढच्या चाकांचे काय काम?

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावांनी अंगणातून विचारले, "ब्रेक ऑईल?"

मी म्हणालो, "आगेदरि."

झाले नव्हते. इतकी छोटी गोष्ट, आणि मी सरळ खोटे बोललो.

पहिला मुक्काम पुणे, दुसरा संभाजीनगर. ताशी पन्नास-पंचावन्नच्या पुढे काटा गेला की मागून आवाज येई, "निधान होग्री." आपल्याकडे दोन भाषांच्या घरांत या शब्दाची मोठी गंमत असते. मराठीत 'निदान' म्हणजे रोगाची परीक्षा. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. आमची लेक लहानपणी म्हणायची, "हळे गाडी हळू चालवायची," आणि एका वाक्यात दोन्ही आज्यांना खूश करायची.

रोज सकाळी निघण्यापूर्वी मावांचा एक नेम होता. बॉनेट उघडून तेलाची पट्टी पुसून पाहायची, थंड इंजिनात रेडिएटरचे पाणी बघायचे, बेल्ट अंगठ्याने दाबायचा आणि मग रात्री गाडी जिथे उभी होती तिथली जमीन पाहायची. लेकीला त्यांनी ते डाग वाचायला शिकवले. इंजिनाखाली काळा पातळ थेंब असला तर इंजिनाचे तेल. मध्यभागी किंवा दोन्ही धुऱ्यांच्या गोळ्यांखाली जाड, गंधकासारख्या वासाचा थेंब असला तर गिअर ऑईल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पाण्यासारखा ओलावा दिसला तर ब्रेकचे. मग गाडी जागची हलवायची नाही. "गाडी रात्री जमिनीवर पत्र लिहून ठेवते," असे काहीतरी ते कन्नडमध्ये म्हणाले. लेकीने ते मोबाइलमध्ये टिपून ठेवले. मी मात्र चाकांकडे पाहायचे टाळत होतो.

अजिंठ्याचा घाट उतरून तापीच्या सपाटीला लागलो आणि मुक्ताईनगरच्या पुढे पाण्याच्या उष्णतेचा काटा चढू लागला. कसेबसे बऱ्हाणपूर गाठले. तिथे एका छोट्या गॅरेजमधल्या काकांनी आमची मराठी ऐकून मराठीतच बोलायला सुरुवात केली. मदतनिसाशी हिंदीत आणि शेजारच्या दुकानदाराशी आणखी वेगळ्याच मिश्रणात. बऱ्हाणपूर हेही आपल्यासारखेच सीमेवरचे गाव. फारुकी सुलतानांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतमध्येही शिलालेख कोरला आहे. शेजाऱ्याच्या भाषेत बोलण्याची रीत तिथे चारशे वर्षांपूर्वीपासून आहे म्हणायची.

काकांनी रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आत फिरवून माझ्यापुढे धरले. टोकावर पांढरा, कडक थर. "बोअरचं पाणी घालता ना?" त्यांनी विचारले. मी मान खाली घातली. आपल्याकडे बादलीला, नळाला, गिझरला बसतो तोच हा थर. रेडिएटरच्या नळ्या काडीएवढ्या बारीक; त्यांत तो साचला की पाणी फिरतच नाही. नळ्यांत सळई घालून तो काढतात, त्याला गॅरेजमध्ये रॉडिंग म्हणतात. त्याला एक दिवस लागणार होता. "यापुढे कूलंट घाला, आणि नसेल तर निदान शुद्ध केलेलं पाणी," असे बजावून त्यांनी आम्हाला रिक्षात बसवले, "तोवर कुंडी भंडारा पाहून या."

कुंडी भंडारा पाहिलाच पाहिजे असा आहे. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना ही योजना झाली. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे वाहते, हे ओळखून एका इराणी जाणकाराने ते भूमिगत बोगद्यांत अडवले. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो, माणूस उतरून साफसफाई करू शकतो. ना मोट, ना पंप. उताराच्या जोरावर पाणी शहरात येते. अशा शंभराहून जास्त कुंड्या एका ओळीत आहेत. आत डोकावले तर भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. आमच्या रेडिएटरमधलाच तो थर! मुलगी म्हणाली, "बाबा, यांनी साफ करायला माणूस उतरेल एवढी जागा तरी ठेवली होती." मी काही बोललो नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पाणी आणण्याइतकेच ते वाहते ठेवण्याचे महत्त्व कळले होते, हे खरेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी असीरगडाकडे निघालो. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या डोंगरावर हा गड बसला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर, पायथ्यापासून अडीचशेहून अधिक. उत्तरेतून दख्खनेत यायचे तर या खिंडीतूनच यायचे, म्हणून याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. असीरगड, कमरगड आणि मलयगड असे तटांचे तीन पदर. चढणीला काटा जागचा हलला नाही. रेडिएटर नव्यासारखा झाला होता. गाडी जाते तिथवर नेली आणि पुढे मावांचा हात धरून हळूहळू चढलो.

वर तळी आहेत, मशीद आहे, इंग्रजांच्या वेळचे पडके बांधकाम आहे आणि ते शिवमंदिर आहे. मावा मंदिरात बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर त्यांना मी आपल्याकडची कथा सांगितली, की कपाळावरच्या जखमेसाठी अश्वत्थामा दारोदार तेल मागत फिरतो. ते म्हणाले, "चिरंजीव झाला, पण जखमेला तेल घालायला कुणी नाही. हा वर नाही, शापच."

मी त्यांना अकबराच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. १६०० साली मोगल फौज गडाखाली येऊन बसली. आत बहादूरखान फारुकी. धान्य, दारूगोळा, पाणी यांचा साठा वर्षानुवर्षे पुरेल इतका. तट फोडणे अकबराला जमले नाही. तरी जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. का, यावर इतिहासकारांत वाद आहेत. कुणी आतल्या रोगराईला दोष देतात, कुणी सोन्याला. पण तट बाहेरून पडला नाही, गड आतून खचला, यावर फारसा वाद नाही. मुलांना हे शिकवताना मी नेहमी म्हणतो, की भिंत किती जाड यापेक्षा आत रोज कोण काय पाहते, याला महत्त्व. त्या दिवशीही तसेच म्हणालो. मावांनी फक्त मान हलवली. जीप खाली उभी होती आणि तिचे ब्रेक ऑईल किती वर्षांचे होते, ते मलाही ठाऊक नव्हते.

उतरणीला लागलो. ऊन वाढले होते, वळणे तीव्र, कडेला बारीक खडी पसरलेली. मी शहरी सवयीने तिसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. चौथ्या की पाचव्या वळणावर पाय दाबला आणि पेडल स्पंजासारखे खाली गेले. पुन्हा दाबले, आणखी खाली. गाडीचा वेग कमी होईना. मागे सौ. आणि लेक, शेजारी मावा, डावीकडे दरी. माझ्या तोंडातून आवाज फुटेना.

मावांनी आवाज न चढवता सांगितले, "ब्रेक बिड्री. गिअर हाक्री. सेकंड."

मी क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडले आणि गाडी मागे ओढल्यासारखी हळू झाली. "आता हँडब्रेक. निधान." जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर बसवलेला असतो, त्याला तेलाची गरज नसते. तो गाडी उभी करून ठेवण्यासाठी, पळत्या गाडीत जोरात ओढला तर शाफ्टवर घाव बसतो. पण वेग कमी झालेला होता. डोंगराच्या बाजूला थोडी सपाट जागा दिसली, तिथे जीप थांबली. लेकीने उतरून मागच्या चाकांना दगड लावले. ते तिला कुणी सांगितले नव्हते.

काय झाले होते, ते मला तिथेच कळले, कारण मेस्त्रींनी ते आधीच सांगितले होते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. साधे डॉट-३ दर्जाचे ताजे तेल दोनशे पाच अंशांच्या आत उकळत नाही. पण पाणी शोषलेल्या तेलाचा उकळबिंदू एकशे चाळीसच्या आसपास येऊ शकतो. उतरणीवर सतत ब्रेक दाबून धरला की ड्रम तापतात, तेल उकळते, नळीत वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात, आणि माणसाला वाटते, काही झालेच नव्हते.

तासभर थांबलो. पेडल पुन्हा घट्ट झाले, तरी मावा म्हणाले, "त्याच्यावर विसंबू नका. खालचा गिअर लावा." गिअरच्या दांड्याशेजारी आमच्या जीपला दोन छोटे दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना जोर देणारा, दुसरा सगळा वेग निम्म्याहून कमी करून ओढ वाढवणारा. पुढची चाके जोडल्याशिवाय दुसरा दांडा लागत नाही. मी पहिला ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. दोन वर्षांत मी त्याला हातही लावला नव्हता.

आपल्या भागात अमावास्येला गाडी धुतात, लिंबू बांधतात, नारळ फोडतात. तेवढे मीही करत होतो. पण मावा त्यानंतर आणखी एक गोष्ट करायचे. जीप शेतात नेऊन दोन्ही दांडे लावायचे आणि बांधापर्यंत जाऊन यायचे. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याची हौस. पूजा आम्ही उचलली, फेरी सोडून दिली.

"दगड काढ, बाळ," मावा नातीला म्हणाले. मला म्हणाले, "हातभर मागे घ्या, मग ओढा." गिअरचे दात समोरासमोर येऊन अडले असतील, तर गाडी थोडी पुढे-मागे केली की ते एकमेकांत बसतात. तसेच केले. कुरकुर झाली आणि दांडा बसला. मग दुसरा. पहिल्या गिअरमध्ये जीप माणसाच्या चालीने खाली निघाली. ब्रेकला पाय लावायचा नाही, क्लच दाबायचा नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवत होते. पायथ्याला येईपर्यंत जीपमध्ये कुणी बोलले नाही.

संध्याकाळी बऱ्हाणपूरच्या त्याच गॅरेजमध्ये सगळे ब्रेक ऑईल काढून नवे भरले. जुने तेल काचेच्या बाटलीत धरून पाहिले. चहासारखे झाले होते. नव्याचा खर्च काही शे रुपये. त्या शेकड्यांसाठी मी चार माणसांचा जीव टांगला होता.

लॉजवर आल्यावर मावांना सांगितले, "मावा, ब्रेक ऑईल बदललं नव्हतं. मी खोटं बोललो."

ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "गोत्तु." ठाऊक होते. निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी ब्रेक ऑईलच्या डबीचे झाकण उघडून पाहिले होते. मला धक्काच बसला. "मग बोलला का नाहीत?" "जावई आहात. गाडी तुमची. वाटलं, वाटेत कुठेतरी तुम्हीच सांगाल." आणि मग हळू आवाजात, "माझंही चुकलं. तिथंच गाडी थांबवायला हवी होती. मान राखण्यापायी पोरीला घेऊन बसलो." जावयाचा मान आणि सासऱ्याचा मान, दोन्ही राखता राखता आम्ही दोघांनीही ब्रेकची गोष्ट गिळली होती. आपल्या घरांत अशा किती गोष्टी मान राखण्यापायी गिळल्या जातात, वाचकहो, तुम्हीच आठवून पाहा.

मग त्यांनी पिशवीतून ती वही काढली. १९९१ पासूनची. कन्नडमध्ये, बारीक अक्षरांत, प्रत्येक तारखेला किलोमीटर आणि केलेले काम. ऑईल, ग्रीस, टायर, पाटे, बेअरिंग, ब्रेक ऑईल दर दोन दिवाळ्यांनी. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, मला किल्ली दिली त्या दिवसाची. त्यापुढची पाने कोरी. त्यांनी माझ्यापुढे पेन ठेवले. मी म्हणालो, माझी कन्नड लिपी कच्ची आहे. ते म्हणाले, "मराठीदाग बरीरि."

परत आल्यापासून जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक मला हमखास विचारतात, "चौतीस-पस्तीस वर्षांच्या गाडीवर भरवसा कसा ठेवता?" मीही पूर्वी हेच विचारत असे. आता वाटते, भरवसा गाडीच्या वयावर नसतोच. तिच्या वहीवर असतो. जीपची जात मुळात दणकट. १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून खेडोपाडीच्या मेस्त्रींना तिचा नट अन् नट ठाऊक. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली आणि तीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिली. अशा गाड्यांचे सुटे भाग मिळतात, कारागीर मिळतो. तिला लागणारी माणसाची सवय मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी आमच्या वहीतून चार गोष्टी. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदला, ब्रेक चांगले लागत असले तरी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. पुढची चाके जोडणारा दांडा महिन्यातून एकदा मातीत किंवा खडीवर वापरा. कोरड्या डांबरावर मात्र नको. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून जमवून घेतात, डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण गिअरवर येतो. चारही टायर एका मापाचे, साधारण सारखे झिजलेले ठेवा, कारण याच हिशेबाने तेही गिअरला ताणतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते, त्या आकड्यांवरून ते कळते. आणि घाटात ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा.

फेरनोंदणीची फी भरली. माझा तो बेरजेचा कागद आता वहीत खूण म्हणून घातलेला आहे. गेल्या अमावास्येला बैलहोंगलला गेलो होतो. लेकीने नुकतेच लायसन्स काढले आहे. जीप धुतली, नारळ फोडला आणि मग तिने दोन्ही दांडे लावून जीप शेतात घातली. मावा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांना फारसे दिसत नाही, पण कान इंजिनाकडे. बांधापाशी तिने जीप वळवायला घेतली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि तेच ओरडले, जे मला हजार किलोमीटर ऐकवले होते.

परत आल्यावर तिने वहीत नोंद केली. तारीख, किलोमीटर, काम. अर्धी नोंद मराठीत आहे, अर्धी कन्नडमध्ये. कुठला शब्द कुठला, ते तिलाही विचारले तर सांगता येणार नाही.